ताईसाहेबांच्या चादरी

१२ जानेवारी

वहीची माफी कोणत्या तोंडाने मागू? शेवटची नोंद बाबा दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यातली आहे, आणि तीही अर्धीच. 'डॉक्टर म्हणाले की' इथे वाक्य थांबलंय. डॉक्टर काय म्हणाले ते आता आठवत नाही. मधल्या महिन्यांत लिहिण्यासारखं बरंच झालं, पण दिवसभर दुसऱ्यांच्या प्रगतीचे अहवाल लिहून आल्यावर स्वतःबद्दल एक ओळ लिहायची म्हटलं तरी जिवावर येतं. आज बसले, कारण एक गोष्ट अहवालात लिहिता येत नाही. मी थकले आहे.

कॉलेजातल्या आमच्या अभ्यासक्रमाचं हे दुसरं वर्ष, बहुधा शेवटचंही. बौद्धिक अक्षमता असलेली विशीतली मुलंमुली इतर विद्यार्थ्यांबरोबर एकदोन विषयांच्या तासांना बसतात, बाकी वेळ कामाची तयारी करतात आणि दुसऱ्या वर्षी खऱ्या कामाच्या जागी जातात. मी समन्वयक. म्हणजे कुणाची बस चुकली, कुणी डबा विसरलं, कोणत्या प्राध्यापकांचं तोंड वाकडं झालं, ते सगळं माझ्याकडे. सुरुवातीला सहा जण होते. दोघं घरी परतली. उरलेल्यांपैकी अजून कुणालाही कुठे कायम ठेवून घेतलेलं नाही. प्राचार्य परवा म्हणाले, "एक तरी उदाहरण द्या आम्हाला. मग पुढच्या वर्षाचं बोलता येईल."

ते उदाहरण म्हणजे ताईसाहेब. वय बावीस. खरं नाव वेगळं आहे, पण पहिल्याच दिवशी तिने समाजशास्त्राच्या सरांना "आधी फळा पुसा, मग शिकवा" असं सुनावलं. तेव्हापासून सगळं कॉलेज तिला ताईसाहेब म्हणतं आणि तीही त्याच नावाला ओ देते.

कालपासून तिला मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत घेऊन जाते. काम चादरींच्या खोलीत. तिथल्या एक बाई मार्चअखेर निवृत्त होणार आहेत. लाँड्रीच्या प्रमुखांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं, "जागा एकच आहे मॅडम. तिला जमलं तर ती, नाहीतर दुसरं माणूस. दया करायला मला सवड नाही." मला त्या आवडल्या. भीतीही वाटली.

बाबांचं तेच. अर्धांगवायूच्या झटक्यापासून उजवा हात ऐकत नाही, शब्द उशिरा येतात. त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी सकाळी आल्या की मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने निघते. मध्यंतरी एकदा "येते मी" म्हटल्यावर बाबांनी माझ्या पर्सचा पट्टा धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दिवसभर काही सुचलं नाही. त्यांना कशाला त्रास? तेव्हापासून अलगद निघते.

१५ जानेवारी

चादरींची खोली तळघरात आहे. भिंतीपलीकडे वाळवणयंत्रांची घरघर असते, हवा कोरडी आणि गरम. मधोमध लांब टेबल. वॉर्डाच्या चादरींना निळी किनार, शस्त्रक्रियेच्या हिरव्या, आणि लहान मुलांच्या वॉर्डाच्या चादरींवर छोटी छोटी जहाजं. चादर उघडायची, उजेडाकडे धरून डाग किंवा फाटलेलं पाहायचं, तसं काही असेल तर लाल टोपलीत टाकायची, नसेल तर घडी घालून थप्पीवर ठेवायची. घडीची बंद बाजू बाहेर. हेडबाईंचा त्या बंद बाजूवर फार जीव.

ताईसाहेबांची घडी सावकाश पण सुरेख होते. डाग तर तिला माझ्याआधी दिसतो. जहाजांच्या चादरींना ती थोडा जास्त वेळ देते, त्याकडे आम्ही सगळे काणाडोळा करतो.

आमचं दोघींचं छान जमलंय. ती एक चादर ठेवते, माझ्याकडे बघते, मी मान हलवते, ती पुढची घेते. एक शब्दही बोलावा लागत नाही. पलीकडे इस्त्री करणारे काका म्हणाले, "तुमचं दोघींचं बिनतारी चालतं की." मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं.

१९ जानेवारी

आज समाजशास्त्राच्या तासाला मीही मागच्या बाकावर बसले. विषय होता श्रम आणि समाज. सरांनी विचारलं, "काम म्हणजे काय? पुस्तकातली व्याख्या नको." कुणी म्हणालं उत्पन्न, कुणी ओळख, एकाने तर आत्मशोध वगैरे काढलं. ताईसाहेबांचा हात वर.

"बोला ताईसाहेब."

"नाही गेलं तर फोन येतो."

वर्ग हसला. सरही हसले, पण त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. "कॉलेजला नाही आलं तर येत नाही," ती पुढे म्हणाली, "म्हणून हे काम नाही." आता सरांना हसावं की नाही ते कळेना.

संध्याकाळी तिची आई न्यायला आली. शिवणकाम करतात त्या, बोटाला कायम अंगुस्तान. रस्त्याच्या कडेला उभं राहून बोललो. "मॅडम, दोन वर्षं बरी गेली. सकाळी उठून केस विंचरून तयार राहायची. पण पुढे काय? कॉलेजच्या आधी तीन वर्षं ही खिडकीत बसून होती. समोरच्या रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं, सगळं मला सांगायची. मशीन चालवता चालवता मी हूं हूं करायची. पुन्हा तिला त्या खिडकीत बसवायचं माझ्याच्यानं होणार नाही."

मी म्हटलं, होईल सगळं नीट. कोणत्या आधारावर म्हटलं, देव जाणे.

२७ जानेवारी

तोंडावर पडलो आम्ही.

आधार देणाऱ्याने हळूहळू मागे सरायचं, हा आमच्या कामाचा पाया. आधी शेजारी, मग टेबलाच्या टोकाला, मग दाराशी, मग बाहेर. प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं की निरोपाचा सोहळा करायचा नाही, शिकणाऱ्याचं लक्ष कामात असताना अलगद बाजूला व्हायचं. आज तिची एकटीने काम करायची पहिली पूर्ण सकाळ होती. ताईसाहेब चादर उजेडाकडे धरून डाग शोधत होती, तेवढ्यात मी बाहेर सटकले आणि वर चहाच्या खोलीत जाऊन बसले. जेवायच्या वेळेला खाली आले तर ती टेबलाशी तशीच उभी, हातात एक निळ्या किनारीची चादर. थप्पी मी सोडून गेले तेवढीच.

"अख्खी सकाळ अशी उभी आहे," हेडबाई म्हणाल्या. "बस म्हटलं तर बसत नाही, घडी घाल म्हटलं तर घालत नाही. तुम्ही बाहेर पडलात की हिचं मशीन बंद. मी हिला ठेवलं तर तुम्हालाही ठेवायला लागेल, आणि तेवढ्या जागा माझ्याकडे नाहीत."

ताईसाहेबांना विचारावं असं मनात आलं होतं. पण तिचा चेहरा इतका ताणलेला होता की म्हटलं, नको, आणखी दडपण नको. बसमध्ये तिने माझी ओढणी मुठीत धरून ठेवली होती.

२८ जानेवारी

कारणं शोधतेय. यंत्रांचा आवाज? उकाडा? दुपारच्या पाळीतले अनोळखी चेहरे लवकर आले होते म्हणून? तिच्या आईला फोन करून झोप, पोट, औषधं, सगळं विचारलं. आई म्हणाली, "काही नाही हो. रात्री एवढंच विचारत होती, मॅडम सापडल्या का म्हणून. मला वाटलं टीव्हीवरचं काहीतरी."

हेडबाईंनी आणखी एक संधी द्यायचं कबूल केलंय. फेब्रुवारी संपायच्या आत. त्यानंतर त्या दुसरं माणूस बघणार.

घरी वेगळंच. मावशींची तक्रार की बाबा दिवसभर बाहेरच्या दाराजवळची खुर्ची सोडत नाहीत. पलंगावर पडा म्हटलं की डोकं हलवतात, जेवणाचं ताटसुद्धा तिथेच. दाराच्या फटीतून वारा येतो, पाठ धरेल. खुर्चीला उशी बांधून दिली. फिजिओथेरपिस्टना फोन केला, ते म्हणाले, "त्यांना विचारून बघा ना, तिथेच का बसावंसं वाटतं." यांना बोलायला काय जातं. बाबांना एक वाक्य जुळवायला किती कष्ट पडतात हे त्यांनी पाहिलंय का? मी ठरवलं की गॅलरीत एक बरी आरामखुर्ची टाकायची. तिथून झाडं दिसतात.

३ फेब्रुवारी

काही नाही. थंडी, अहवाल, बस. गॅलरीतल्या आरामखुर्चीत फक्त मावशींची पिशवी बसते.

९ फेब्रुवारी

आजचं लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहिते.

कामाच्या तयारीच्या तासाला नाटक होतं. कामाच्या जागी कोण कसं वागतं ते मुलांनी करून दाखवायचं. पैलवानाने (हा आमच्यातला सर्वांत काटकुळा मुलगा, नाव त्यानेच घेतलंय) ताईसाहेबांचं काम केलं आणि ताईसाहेब झाली मॅडम. म्हणजे मी.

तिने माझी पर्स मागून घेतली. खांद्याला लावली. एक पाय पुढे, एका बाजूला थोडी कललेली, अशी उभी राहिली. मी तशी उभी राहते हे मला ठाऊक नव्हतं. पैलवान फळा पुसायच्या फडक्याची घडी घालू लागला. त्याने घडी टाकली की ती मान हलवायची. टाकली की हलवायची. मुलं हसायला लागली. मग पैलवानाने गंमत म्हणून तिच्याकडे बघितलंच नाही, आपला घड्या घालत राहिला. तर ती खाकरली. तरी त्याने बघितलं नाही. मग ती पर्सची चेन उघडझाप करू लागली, खर्र खर्र, त्याने वर बघेपर्यंत. त्याने बघितलं आणि हिने अशी तृप्त मान हलवली की पैलवान हसून हसून खाली बसला.

मीही हसले. सर्वांत मोठ्याने हसले.

मग स्वच्छतागृहात जाऊन थोडा वेळ नुसती उभी राहिले. म्हणजे ती मला हवी म्हणून बघत नव्हती, मीच तिला बघायला लावत होते. मान हलवून हलवून मी तिच्या कामात स्वतःला शिवून टाकलंय. मी निघाले की टाका उसवतो आणि सगळं थांबतं. 'आमचं छान जमलंय' असं मी या वहीत लिहिलंय, शाई अजून ताजी दिसते. बिनतारी म्हणे.

११ फेब्रुवारी

मान हलवायची नाही असं ठरवून गेले. पहिल्या चहापर्यंतसुद्धा जमलं नाही. मान माझी आहे की नाही अशी शंका यायला लागली. घरी आल्यावर कपाटात बाबांचा मानेचा जुना पट्टा सापडला, मणक्याच्या दुखण्यातला. लावून पाहिला. हलत नाही.

हे लिहिताना कळतंय की मूर्खपणा आहे. उद्या लावून जाणार.

१२ फेब्रुवारी

पट्ट्याचा बोऱ्या वाजला.

पायरी उतरत होते तोच इस्त्रीवाले काका ओरडले, "अरे! मॅडमचं काय झालं?" मग सगळी खोली भोवती गोळा. कुणी शेक सांगितला, कुणी तेल सांगितलं, दोघींनी कोपऱ्यात बसवलं. हेडबाई म्हणाल्या, "रुग्णालयात काम करतोय आपण, वर जाऊन दाखवा तरी." मला खरं सांगता येईना. आणि ताईसाहेब? तिने चादरी सोडल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसली. उठायचं नावच नाही. "दुखतंय का? आता दुखतंय का? आता?"

दर मिनिटाला. शेवटी मी पट्टा काढला.

"बरं वाटलं?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

१८ फेब्रुवारी

पैलवानाचे वडील त्याला घेऊन गेले. त्यांच्या दुकानात बसवणार म्हणाले. "इथे नाटकं शिकवता तुम्ही," असं जाता जाता बोलून गेले. पैलवानाने मला हात केला तो दोन्ही हातांनी.

प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लाँड्रीचं काय म्हणतंय?" मला त्यांचा राग आला. नंतर लक्षात आलं, माझ्याही मनात त्या क्षणी तेच होतं.

२० फेब्रुवारी

आज विचारलं तिला. विचारायचं असं ठरवून नव्हे. बस उशिरा येणार होती, थांब्यावर आम्ही दोघीच, आणि माझ्यात काही शोधून काढायचं त्राण उरलं नव्हतं. नुसतं तोंडातून निघालं, "ताईसाहेब, चादर ठेवली की तू माझ्याकडे का बघतेस ग?"

"तुम्ही एकट्या उभ्या असता."

"म्हणजे?"

"सगळ्यांना काम आहे. तुम्हाला नाही. मी बघितलं की तुमचा चेहरा बरा होतो."

विषय निघालाच होता, म्हणून पुढचंही विचारलं. "आणि त्या दिवशी मी नव्हते, तेव्हा का थांबलीस? चादरी येतात ना तुला. कुणी न सांगता येतात."

"येतात. पण तुम्ही हरवला होता."

"मी?"

"तुम्ही होता. मग मी बघितलं तर नव्हता. कुणालाच माहीत नव्हतं कुठे गेला." एवढं सांगावं लागतंय याचा तिला कंटाळा आला होता, मूल समजून घेत नाही म्हणून आईला येतो तसा. "हरवलं की जिथे आहोत तिथेच उभं राहायचं. हलायचं नाही. आईने शिकवलंय. हललं तर मग सापडत नाही."

"मग तू माझ्यासाठी उभी होतीस? सकाळभर?"

"पाय दुखले," ती म्हणाली.

बस आली. ती आधी चढली आणि माझ्यासाठी जागा धरली.

मी महिनाभर आवाज, उकाडा, औषधं, मान, पट्टा, सगळं तपासलं. मला कुणीतरी शोधत असेल हे एकदाही डोक्यात आलं नाही. त्या दिवशीच विचारलं असतं तर? मला वाटलं होतं, दडपण येईल. कुणाला येईल, हे तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी

दुसरी आणि शेवटची संधी. हेडबाईंना आधी जाऊन सांगितलं, मी काय चूक केली होती ते. त्या म्हणाल्या, "एवढंच? मग सांगून जा की. आम्ही जेवायला जाताना एकमेकींना सांगतो, तुम्ही काय वेगळ्या आहात का?"

ताईसाहेबांसमोर जाऊन नीट उभी राहिले. "मी आता कॉलेजला जातेय. तुझं जेवण झालं की येईन. इथे काही लागलं तर हेडबाईंना विचार."

तिने हातातली चादर खाली ठेवली. विचार केला. मला वाटलं आता माझी ओढणी धरणार.

"बरं. या," ती म्हणाली आणि जहाजांची चादर उघडली.

पायऱ्या चढताना मागे वळून पाहिलं नाही. कसं जमलं मलाच माहीत. दुपारी परतले तर दोन ढकलगाड्या भरून वर गेलेल्या, लाल टोपली निम्मी. सगळ्या बंद बाजू बाहेर. इस्त्रीवाले काका म्हणाले, "पोरीने मला दोनदा झापलं. चहाचा कप टेबलावर ठेवायचा नाही म्हणे."

ताईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवण कधीच झालं. उशीर केलात."

हो, म्हणाल्या. आज तिला एकेरी लिहावंसं वाटत नाही.

हेडबाई हो की नाही ते बोलल्या नाहीत. "बघू" म्हणाल्या.

४ मार्च

अजून 'बघू'च. रोज सांगून निघते, रोज ती "या" म्हणते. निवृत्त होणाऱ्या बाई आता दिवसाआड येतात. काल एक तरुण माणूस अर्ज घेऊन आला होता, चुणचुणीत, हात भराभर चालणारा. हेडबाईंनी त्याला खोली फिरवून दाखवली. त्याच्या घड्या मी पाहिल्या. वेगात होत्या. बऱ्या होत्या, खोटं कशाला बोलू.

तिच्या आईने कालच विचारलं. मीही "बघू" म्हटलं. हा शब्द तोंडात किती जड लागतो ते तेव्हा समजलं.

बाबांना दोन दिवस खोकला. वाऱ्याचाच आहे. दाराची खुर्ची आत आणून ठेवली होती, संध्याकाळी आले तर पुन्हा दाराशी. मावशी म्हणतात, "मी नाही हो नेली. त्यांनीच ओढत नेली, एका हाताने. मी नको म्हणेपर्यंत निम्म्यावर पोचले होते." एक हात ऐकत नसलेल्या माणसाने लाकडी खुर्ची ओढावी! मी खूप रागावले. ते फक्त म्हणाले, "आलीस?" रोज तेच म्हणतात. दिवसभरातला तो एक शब्द मात्र अडखळत नाही.

११ मार्च

ताईसाहेबांना ताप. आईने सकाळी कळवलं, मी लाँड्रीला कळवायचं म्हटलं आणि बाबांच्या औषधांच्या गडबडीत साफ विसरले. कॉलेजात पोचून फाइल उघडते तोच फोन खणाणला. हेडबाई.

"कुठे आहे ती?"

"कोण?"

"कोण काय विचारता! ताईसाहेब. माझ्याकडे चादरींचा डोंगर झालाय, मुलांच्या वॉर्डातून दोनदा माणूस येऊन गेला. यायचं नव्हतं तर कळवायला नको? उद्या हिला कामावर घेतल्यावर असं चालेल का?"

मी काही बोलेपर्यंत त्यांच्याही लक्षात आलं, आपण काय बोलून गेलो ते. 

"ताप आहे तिला," मी म्हटलं.

"मग नीट बरी होऊन येऊ दे," त्या म्हणाल्या, आवाज खाली आणून. "ते कागदबिगद मी वर पाठवलेत. एक तारखेपासून. सहा महिने बघू, मग कायम. आणि ढकलगाडी घेऊन वॉर्डात एकटी नाही पाठवणार मी एवढ्यात, हे आत्ताच सांगते."

संध्याकाळी तिच्या घरी गेले. चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती. मी म्हटलं, "ताईसाहेब, तू आज गेली नाहीस तर काय झालं माहीत आहे?"

ती उठून बसली. "फोन आला?"

"आला."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिने ते उचललं नाही. शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावला. ताईसाहेब मात्र माझ्यावर चिडली. "तुम्ही त्यांना सांगितलं नाही? मी आजारी आहे ते? सांगायचं ना!"

१ एप्रिल

तिचा पहिला दिवस. माझा तिथे रोज जाण्याचा शेवटचा.

हेडबाईंनी तिला निळा अंगरखा दिला, बाह्या लांब होत्या. आई रात्रीतून आखूड करून देणार होती, पण ती अंगरखा काढायलाच तयार होईना, म्हणून इस्त्रीवाल्या काकांनी बाह्या दुमडून टाचण्या लावून दिल्या. प्राचार्यांनी फोटो पाठवायला सांगितलं होतं. काढला. तिने फोटोसाठी काम थांबवलं नाही, त्यामुळे तो हललाय.

निघायच्या आधी टेबलाशी गेले. "मी आता रोज येणार नाही. शुक्रवारी येईन, दुपारी."

"बाकीच्या दिवशी कुठे असाल?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं इतक्यात. "कॉलेजात. आणि मग घरी. बाबांजवळ."

"बरं." तिने मनात कुठेतरी मला ठेवून दिलं, शुक्रवारच्या खणात, कॉलेजच्या खणात, घरच्या खणात. मी कुठे आहे ते कळल्यावर तिची माझ्याबद्दलची काळजी संपली. "शुक्रवारी या. उशीर करू नका."

तिने पुढची चादर घेतली. ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. दाराशी जाऊन मी थोडी थांबले, खाकरले नाही, एवढं मात्र माझ्या खात्यावर लिहून ठेवते. वाटलं होतं आनंद होईल. झालाही असेल, पण पायऱ्या चढताना खांदे असे दुखत होते, जसं काही इतके दिवस त्या चादरी मीच वाहत होते.

प्राचार्य म्हणाले, चला, एक उदाहरण झालं. पुढच्या वर्षाचं अजून 'बघू'.

कॉलेजात बसवेना, लवकर घरी आले. सकाळी नेहमीसारखीच मागच्या दाराने निघाले होते, परतले ती रोजच्यासारखी पुढच्या दाराने. मावशी आत भांडी घासत होत्या. बाबा खुर्चीत, दाराकडे तोंड करून ताठ बसलेले. पायांत चपला. चांगला हात काठीवर. डोळे उघड्या फटीवर, तिथून जिना दिसतो.

"आलीस?" ते म्हणाले.

मी पर्स न काढताच त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांच्या चपलांचे बंद उलटे लागले होते, ते मी सरळ केले नाहीत. मग विचारलं, "बाबा, तुम्ही इथेच का बसता?"

त्यांनी शब्द शोधला. मी मधे बोलले नाही. मावशींची सगळी भांडी घासून होईपर्यंत शोधला.

"तू," ते म्हणाले. "कुठे... गेलीस. कळेना."

उद्या: निघताना पुढच्या दाराने, बाबांना सांगून निघणे.